रिटर्नवर आईबाबांचं नाव घालण्याआधी: अमेरिकेत टॅक्स डिपेंडंट आणि सरकारी आरोग्य विमा

अमेरिकेत मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) मिळेल का, मुलांना चिप (मुलांसाठीचा सरकारी विमा) मिळेल का, मार्केटप्लेसच्या (खाजगी विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजाराच्या) विम्यावर सबसिडी मिळेल का, या तिन्हींचं उत्तर आधी एका वेगळ्याच प्रश्नावर अवलंबून असतं: या वर्षी टॅक्स रिटर्नवर कोण कोणाला डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेला माणूस, दाखवणार आहे? बरीच कुटुंबं हा प्रश्न एप्रिलमध्ये टॅक्सवाल्यासमोर बसल्यावर सोडवतात आणि विम्याचा अर्ज मात्र आधीच्या नोव्हेंबरात भरून बसलेली असतात. तिथेच हजारो डॉलरचा घोळ होतो. म्हणून क्रम उलटा करा. आधी टॅक्सचं ठरवा, मग विम्याचा अर्ज भरा.

खाली दिलेले आकडे २०२५ च्या केंद्रीय दारिद्र्यरेषेचे आहेत: एका माणसाला वर्षाला १५,६५० डॉलर, पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,५०० डॉलर जास्त. म्हणजे दोघांना २१,१५०, चौघांना ३२,१५०, सहा जणांना ४३,१५०. २०२६ सालच्या मार्केटप्लेस सबसिडीचा हिशोबही याच आकड्यांवर होतो. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आहेत. मेडिकेडची रेषा दर वर्षी जानेवारीच्या सुमारास बदलते, तेव्हा अर्जाच्या दिवशी नवा तक्ता बघा.

पायरी १: कोणता डिपेंडंट, ते नक्की करा

एच-४ किंवा एफ-२ ला आपण डिपेंडंट व्हिसा म्हणतो. कंपनीच्या विम्यात बायकोमुलांची नावं घालतो, तेही डिपेंडंट. या दोन्हींचा इथे संबंध नाही. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकतं, मग ते रिटर्नवर असो वा नसो. मेडिकेड आणि सबसिडीला फक्त टॅक्स रिटर्नवरचा डिपेंडंट कळतो, आणि तो दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार मुलांचा: वय १९ च्या आत, किंवा वर्षातले किमान पाच महिने पूर्ण वेळ विद्यार्थी असेल तर २४ च्या आत, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्याकडे राहणारा (कॉलेजसाठी बाहेर राहिलेला काळ घरातलाच धरतात), आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः न उचलणारा. दुसरा प्रकार इतर नातेवाइकांचा, त्यात आईवडील येतात. त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केलेला हवा आणि त्या प्रत्येकाचं स्वतःचं करपात्र उत्पन्न वर्षाला ५,२०० डॉलरच्या आत हवं. ही २०२५ ची मर्यादा आहे, ती दर वर्षी थोडी वाढते. आईवडिलांनी तुमच्याच घरात राहायला हवं असं मात्र नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. साताऱ्याला राहणाऱ्या आईबाबांना तुम्ही दर महिन्याला पैसे पाठवता, त्यांचा सगळा खर्च तुम्हीच करता. तरीही ते तुमचे डिपेंडंट होत नाहीत. डिपेंडंट व्हायला माणूस अमेरिकेचा नागरिक, टॅक्सच्या दृष्टीने अमेरिकेचा रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी लागतो. भारतात राहणारे यात बसत नाहीत. आणि पर्यटक व्हिसावर सहा महिने येणाऱ्या आईबाबांना मेडिकेड नाही. त्यांच्यासाठी निघण्याआधीच प्रवासी विमा घ्यायचा. या लेखात पुढे आईबाबा म्हटलं की ग्रीन कार्डवर इथे राहायला आलेले समजा, म्हणजे ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक आहे.

पायरी २: प्रत्येक माणसाचं वेगळं घर मोजा

इथे घर म्हणजे एखाद्याच्या हिशोबात धरायची माणसं. मेडिकेडमध्ये एका छताखाली राहणाऱ्या पाच जणांची पाच वेगवेगळी घरं निघू शकतात. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण हे पटलं की बाकीचं सोपं आहे. कागद घ्या, प्रत्येकाचं नाव लिहा आणि प्रत्येकाला हे प्रश्न विचारा.

हा माणूस स्वतः रिटर्न भरणार आहे आणि दुसरं कोणी त्याला डिपेंडंट दाखवणार नाही? मग त्याचं घर म्हणजे तो, त्याची बायको किंवा नवरा, आणि त्याचे सगळे डिपेंडंट.

याला कोणी तरी डिपेंडंट दाखवणार आहे? मग दाखवणाऱ्याचं जे घर, तेच याचं घर. पण याला तीन अपवाद आहेत. एक, दाखवणारा जोडीदारही नाही आणि आईवडीलही नाहीत. उदाहरणार्थ मुलगा आईला दाखवतो. दोन, १९ च्या आतलं मूल आईवडील दोघांसोबत राहतं पण ते दोघं एकत्र रिटर्न भरत नाहीत. तीन, मूल ज्याच्याकडे राहत नाही तो पालक त्याला डिपेंडंट दाखवतो. या तिन्हींत टॅक्स बाजूला ठेवून पुढचा नियम लावायचा.

रिटर्नही भरणार नाही आणि डिपेंडंटही नाही, किंवा वरच्या अपवादात बसतो? मग त्याचं घर म्हणजे तो, सोबत राहणारा जोडीदार आणि सोबत राहणारी १९ च्या आतली मुलं. तो स्वतःच १९ च्या आतला असेल तर सोबत राहणारे आईवडील आणि लहान भावंडंही. काही राज्यं पूर्ण वेळ विद्यार्थी असेल तर इथे १९ ऐवजी २१ धरतात.

नवरा-बायको एकत्र राहत असतील तर मेडिकेड त्यांना नेहमी एकमेकांच्या घरात धरतं, रिटर्न वेगळे भरले तरी. बाई गरोदर असेल तर तिच्या घरात होणारं बाळही मोजतात, जुळी असतील तर दोन.

मार्केटप्लेसच्या सबसिडीला हे अपवाद नाहीत. तिथे रिटर्नवर जेवढी माणसं, तेवढंच घर. त्यामुळे एकाच माणसाचं मेडिकेडसाठी दोघांचं घर आणि सबसिडीसाठी सहा जणांचं घर, असं होतं आणि ते बरोबर असतं.

पायरी ३: उत्पन्न कोणाचं, कोणतं

घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न मिळवायचं, पण डिपेंडंटचं उत्पन्न तेव्हाच धरायचं जेव्हा त्याला कायद्याने रिटर्न भरणं भाग असतं. लग्न न झालेल्या तरुण डिपेंडंटसाठी २०२५ मध्ये ही रेषा नोकरीच्या कमाईला १५,७५० डॉलर आणि व्याज, लाभांश वगैरेंना १,३५० डॉलर आहे. म्हणजे मुलीने सुट्टीत दुकानात काम करून ४,००० डॉलर मिळवले तर ते तुमच्या घरच्या उत्पन्नात येत नाहीत. तिने पगारातून कापलेला कर परत घ्यायला रिटर्न भरला, तरी येत नाहीत.

ग्रीन कार्डवाल्या माणसाला जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. बाबांचं पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या एफडीचं व्याज, भारतात करमुक्त असलेलं एनआरई खात्याचं व्याज, सगळं इथे उत्पन्न आहे. “तिकडचे पैसे तिकडेच आहेत” ही समजूत अर्जात खोटी माहिती ठरते. उलट, मुलाने आईबाबांना दिलेली भेट करपात्र उत्पन्न नाही. ४०१-के मध्ये (नोकरीतलं निवृत्तीच्या बचतीचं खातं) आणि एचएसएमध्ये (औषधपाण्याच्या बचतीचं खातं) करापूर्वी टाकलेले पैसे तुमच्या उत्पन्नातून वजा होतात.

मेडिकेड सध्याच्या महिन्याचं उत्पन्न बघतं, मार्केटप्लेस पूर्ण वर्षाचा अंदाज. जूनमध्ये नोकरी गेली तर जुलैत मेडिकेड मिळू शकतं, मग जानेवारी ते मे कितीही पगार असो.

पायरी ४: रेषेशी ताडून बघा

मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांत १९ ते ६४ वयाच्या प्रौढांना दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत मेडिकेड मिळतं: एकट्याला महिन्याला साधारण १,८०० डॉलर, दोघांच्या घराला २,४३२. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, मिशिगन या विस्तार केलेल्या राज्यांत आहेत. टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा नाहीत. तिथे मुलं नसलेल्या निरोगी प्रौढाला उत्पन्न शून्य असलं तरी बहुधा मेडिकेड मिळत नाही. मुलांच्या मर्यादा सगळीकडेच बऱ्याच वर असतात. न्यू जर्सीत फॅमिलीकेअरमध्ये (त्या राज्यातलं मेडिकेड आणि चिप) मुलांना ३५५ टक्क्यांपर्यंत घेतात.

आईबाबांचा प्रश्न, नीट

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक कुटुंब धरू. नवरा-बायको, दोन लहान मुलं, आणि ग्रीन कार्डवर आलेले ६१ आणि ५८ वर्षांचे आईबाबा. मुलाच्या घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख २५ हजार डॉलर. आईबाबांचं दोघांचं मिळून ३,००० डॉलर एफडीचं व्याज. कंपनीचा विमा फक्त मुलाला आहे.

मुलाने आईबाबांना डिपेंडंट दाखवलं तर मुलाचं घर सहा जणांचं होतं. नातवंडं आपल्या आईवडिलांची डिपेंडंट असल्यामुळे त्यांचंही घर सहाचं. न्यू जर्सीची मुलांसाठीची मर्यादा चौघांच्या घराला सुमारे १ लाख १४ हजार आहे, सहाच्या घराला सुमारे १ लाख ५३ हजार. म्हणजे आजीआजोबा रिटर्नवर आले की, दुसरा विमा नसलेली नातवंडं फॅमिलीकेअरच्या मर्यादेत येतात. ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते.

खुद्द आईबाबांचं काय? ते मुलाचे डिपेंडंट, म्हणजे पहिल्या अपवादात बसले. मेडिकेडसाठी त्यांचं घर दोघांचंच, उत्पन्न ३,००० डॉलर, मुलाचा पगार हिशोबात येत नाही. राहणं-जेवणंही धरत नाहीत. मात्र डिपेंडंट दाखवणारा माणूस रोख पैसे देत असेल तर ते धरण्याची मुभा राज्यांना आहे. म्हणून आईच्या खात्यावर दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकत असाल तर आपल्या राज्यात हा नियम आहे का, ते अर्जाआधी विचारा.

इथपर्यंत वाचून मेडिकेड मिळालंच असं वाटेल. पण टॅक्सच्या नियमांबाहेर दोन अडथळे उभे आहेत. १९९६ च्या कायद्याने बहुतेक ग्रीन कार्डवाल्या प्रौढांना पहिली पाच वर्षं केंद्राच्या पैशातलं मेडिकेड मिळत नाही. काही राज्यं स्वतःच्या पैशातून देतात. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया ही त्यातली मोठी नावं. मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी मात्र अनेक राज्यांनी ही पाच वर्षांची अट काढून टाकली आहे. दुसरा अडथळा आय-८६४ चा. आईबाबांना बोलावताना मुलाने सही केलेलं हे हमीपत्र. पाच वर्षं झाल्यावरही, आईबाबा नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या नावे कामाच्या ४० तिमाही (साधारण दहा वर्षांचं काम) जमेपर्यंत, हमी देणाऱ्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं उत्पन्न आईबाबांचंच धरता येतं. टॅक्सच्या नियमाने बाहेर ठेवलेला मुलाचा पगार असा मागच्या दाराने आत येतो. “डिपेंडंट दाखवलं नाही की मेडिकेड मिळतं” हा सल्ला पार्ट्यांमध्ये सर्रास ऐकू येतो. वरचा आणि हा, असे दोन्ही परिच्छेद त्या सल्ल्यावर उत्तर आहेत.

वय ६५ झालं की हिशोबच बदलतो. तिथे रिटर्नवर कोण आहे याला महत्त्व राहत नाही, उत्पन्नासोबत बहुतेक राज्यांत मालमत्ताही बघतात. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिलेल्या ६५ च्या माणसाला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घेता येतं. कामाच्या तिमाही नसतील तर २०२५ मध्ये त्याचा पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) १८५ डॉलर.

मग पहिल्या पाच वर्षांत करायचं काय? इथे मार्केटप्लेस येतं, आणि इथे डिपेंडंट दाखवणं की न दाखवणं हा निर्णय खरोखर पैशांचा होतो.

आईबाबा स्वतःचा वेगळा रिटर्न भरतात असं धरा. २०२५ पर्यंत, मेडिकेडची पाच वर्षं न झालेल्या कायदेशीर स्थलांतरितांना उत्पन्न अगदी कमी असलं तरी सबसिडी मिळत होती. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून ती सोय बंद केली. आता दोघांच्या रिटर्नवर किमान २१,१५० डॉलर उत्पन्न लागतं. भाडं आणि पेन्शन मिळून तेवढं असेल, तर आईबाबांनी एकत्र स्वतंत्र रिटर्न भरावा. त्यांना भरपूर सबसिडी मिळते. तेवढं उत्पन्न नसेल तर स्वतंत्र रिटर्नवर मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही.

अशा वेळी मुलाच्या रिटर्नवर येणं फायद्याचं ठरू शकतं. २०२६ पासून सबसिडीला दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची वरची मर्यादा पुन्हा लागू झाली आहे. सहा जणांच्या घराला ही मर्यादा १ लाख ७२ हजार ६०० डॉलर. घरचं उत्पन्न १ लाख ५० हजार असेल तर ते ३४८ टक्क्यांच्या आसपास येतं, आणि त्या पट्ट्यात कुटुंबाने उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे १४,९४० डॉलर, स्वतः भरावेत अशी अपेक्षा आहे. साठीतल्या दोघांचा प्रमाण धरलेला सिल्व्हर प्लॅन समजा वर्षाला २४,००० डॉलरचा असेल, तर फरकाचे ९,०६० डॉलर सबसिडी म्हणून मिळतात. मुलाच्या कंपनीचा विमा आईबाबांना घेत नसेल तर तो आड येत नाही. उत्पन्न मर्यादेच्या एका डॉलरने वर गेलं तर मात्र सबसिडी शून्य. बोनस किंवा शेअर विकून आलेला नफा डिसेंबरात उत्पन्न ढकलत असेल, तर ४०१-के मधली रक्कम वाढवून ते खाली आणण्याची वेळ तीच.

विद्यार्थी, बाळ आणि वेगळे राहणारे आईवडील

२१ वर्षांची मुलगी दुसऱ्या गावात शिकते, अर्धवेळ कामातून वर्षाला १२,००० डॉलर मिळवते. आईवडील तिला डिपेंडंट दाखवत असतील तर मेडिकेडसाठी तिचं घर म्हणजे आईवडिलांचं घर, त्यांच्या पगारासकट. दाखवत नसतील तर ती एकटी आणि मर्यादेच्या आत. पण तिला काढलं तर आईवडिलांचं ५०० डॉलरचं क्रेडिट (करातली सूट) जातं, शिक्षणाचं २,५०० डॉलरपर्यंतचं क्रेडिटही हातातून जाऊ शकतं. बाप नोकरीत असेल तर तिला कंपनीच्या विम्यात ठेवणं बहुधा स्वस्त. आणि सबसिडीच्या बाबतीत हा पर्याय नाहीच: ज्याला कोणी डिपेंडंट दाखवू शकतं, त्याला स्वतःच्या नावावर सबसिडी घेता येत नाही.

पीएचडी करणारा नवरा एफ-१ वर, बायको एफ-२ वर, बाळ इथेच जन्मलं. बाळ नागरिक आहे, त्याला पाच वर्षांची अट नाही. विद्यार्थी पहिली पाच वर्षं सहसा नॉन-रेसिडेंट रिटर्न भरतो, आणि तो एकत्र भरता येत नाही. म्हणून बाळ दुसऱ्या अपवादात जातं आणि त्याचं घर आईवडील धरून तिघांचं होतं. अर्ज फक्त बाळासाठी करायचा. सोशल सिक्युरिटी नंबर बाळाचा लागतो. अर्ज न करणाऱ्या आईवडिलांना स्वतःचा व्हिसा सांगण्याची सक्ती नसते, उत्पन्न मात्र सांगावं लागतं. २०२२ च्या पब्लिक चार्ज नियमात (सरकारी मदतीवर अवलंबून राहील असं वाटणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम) नागरिक मुलाचं मेडिकेड आईवडिलांविरुद्ध धरत नाहीत. तो नियम बदलण्याचा प्रस्ताव सरकारने मांडलेला आहे, तेव्हा ग्रीन कार्डचा अर्ज जवळ आला असेल तर वकिलाला विचारून घ्या.

घटस्फोटानंतर मूल आईकडे राहतं, पण फॉर्म ८३३२ वर सही करून आईने डिपेंडंटचा हक्क बापाला दिला. मेडिकेड आणि चिपसाठी मूल आईच्याच घरात. मार्केटप्लेसची सबसिडी मात्र बापाच्या रिटर्नवरूनच. आईने मुलासाठी सबसिडी घेतली असेल तर ती दोन्ही रिटर्नवर फॉर्म ८९६२ च्या चौथ्या भागात वाटून दाखवावी लागते.

अर्ज भरताना

एकच अर्ज मेडिकेड आणि सबसिडी दोन्हींसाठी चालतो. टेक्सास, फ्लोरिडात हेल्थकेअर डॉट गव्ह. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, जॉर्जियात राज्याचं स्वतःचं मार्केटप्लेस. विमा नको असलेल्या पण रिटर्नवर असलेल्या प्रत्येकाचं नावही अर्जात घाला. मेडिकेडचा अर्ज वर्षभर चालतो. मार्केटप्लेसची मुख्य मुदत १ नोव्हेंबरपासून असते, पण भारतातून राहायला आलेल्या माणसाला आल्यापासून ६० दिवसांची खास मुदत मिळते. आईबाबांच्या विमानाच्या तारखेपासून ते दिवस मोजायला लागा. पासपोर्टवरचा शिक्का, ग्रीन कार्ड, शेवटच्या महिन्याच्या पगाराच्या पावत्या आणि भारतातल्या बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

एच-१बी आणि एफ-१ वाल्यांना आज मार्केटप्लेसची सबसिडी मिळू शकते. १ जानेवारी २०२७ पासून ती ग्रीन कार्डधारक आणि इतर एक-दोन गटांपुरतीच राहील.

कुठे फसतं

सगळ्यात महाग चूक ही: आईबाबांनी वर्षभर स्वतःच्या नावावर सबसिडी घेतलेली असते आणि मार्चमध्ये टॅक्सवाला मुलाला सांगतो, “त्यांना घाला, माणशी ५०० डॉलर मिळतील.” ५०० साठी वर्षभराची सबसिडी परत द्यायची वेळ येते. पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर मर्यादा होती. २०२६ च्या टॅक्स वर्षापासून ती मर्यादा काढली आहे, पूर्ण रक्कम भरावी लागते. टॅक्सवाल्याकडे जाताना घरातल्या सगळ्यांचे १०९५-ए फॉर्म (मार्केटप्लेसकडून येणारा, वर्षभराची सबसिडी दाखवणारा कागद) एकत्र न्या.

दोन भावांनी आईला आपापल्या रिटर्नवर दाखवणं ही दुसरी. दोघं मिळून खर्च करत असतील आणि कोणाचाच वाटा निम्म्याहून जास्त नसेल, तर एका भावाने लेखी दावा सोडायचा आणि दावा करणाऱ्याने आपल्या रिटर्नला फॉर्म २१२० जोडायचा. दावा करणाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त हवा.

नवरा-बायकोने वेगळे रिटर्न भरले की सबसिडी जाते, छळ किंवा सोडून जाणं हे अपवाद सोडले तर. आणि वर्षाच्या मध्ये मुलगी डिपेंडंट राहिली नाही, बाळ झालं, पगार बदलला, तर मार्केटप्लेसला ३० दिवसांत कळवा. मेडिकेडची मुदत बऱ्याच राज्यांत फक्त १० दिवस असते.

नकाराचं पत्र आलं तर त्यात दोन आकडे शोधा: घरात किती माणसं धरली आणि महिन्याचं उत्पन्न किती धरलं. आईबाबांच्या पत्रात दोनऐवजी सहा माणसं आणि मुलाचा पगार दिसला, तर पहिला अपवाद लावायचा राहिला आहे किंवा हमीपत्राचं उत्पन्न धरलं आहे. यातलं कोणतं ते लेखी विचारा. मार्केटप्लेसच्या निर्णयावर ९० दिवसांत अपील करता येतं. मेडिकेडची अपिलाची मुदत राज्यागणिक वेगळी असते आणि ती त्याच पत्रात छापलेली असते.